केमोनंतरचा ताप आणि सहा दिवसांचा हिशेब

भंडारा जिल्ह्यातून कॅन्सरचे रुग्ण वर्षभर नागपूरला जात-येत असतात. कुणी राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात जातो, कुणी मेडिकलला, कुणी जामठ्याच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत, तर कुणी थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयात. केमोचे सलाईन तिथे लागते. पण एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचे दोन-तीन आठवडे रुग्ण आपल्या घरी असतो. हे घर लाखांदूरला असेल, पवनीला असेल, तुमसर किंवा साकोलीच्या एखाद्या खेड्यात असेल. उपचारातला सर्वांत धोक्याचा काळ बरेचदा याच मधल्या दिवसांत येतो आणि त्या वेळी कॅन्सरतज्ज्ञ शंभर किलोमीटरवर असतो. जवाहरनगरसारख्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांकडे हा रुग्ण येतो, तो एका साध्या तक्रारीने. "डॉक्टर, काल रात्रीपासून ताप आहे."

हा ताप साधा नसतो. तो का साधा नसतो आणि त्यामागे कधीकधी एखादी बुरशी कशी दडलेली असते, हे आज सांगायचे आहे.

शिपाई कमी पडतात तेव्हा

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. म्हणून केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतू आणि बुरशी यांच्याविरुद्धची पहिली फळी असतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण २,००० ते ७,००० असतात. ही संख्या ५००च्या खाली गेली की शरीराचा दरवाजा जवळजवळ उघडा राहतो.

अमेरिकेतील डॉ. जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ल्युकेमियाच्या रुग्णांचा अभ्यास करून दोन गोष्टी दाखवल्या. या पेशी जितक्या कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त. आणि त्या जितके जास्त दिवस कमी राहतात, तितका तो धोका आणखी वाढतो. आजही जगभरचे कॅन्सर विभाग याच हिशेबाने चालतात.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. केमो घेणाऱ्या प्रत्येकाला बुरशीचा गंभीर संसर्ग होत नाही. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरच्या नेहमीच्या केमोत पेशी काही दिवसच कमी राहतात, त्यामुळे फुप्फुसातल्या बुरशीचा धोका फार कमी असतो. आपल्याकडे खर्ऱ्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण खूप आहेत. त्यांना किरणोपचारात आणि केमोत तोंडात कँडिडाचा पांढरा थर येतो. तो त्रासदायक असतो, पण वेळीच उपचार केले की सहसा आटोक्यात राहतो. खरा धोका रक्ताच्या कॅन्सरमध्ये आहे. तीव्र ल्युकेमियाच्या उपचारात पेशी दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ तळाला असतात. सोबत स्टिरॉइड असेल, मधुमेह असेल, तर धोका आणखी वाढतो.

दुर्मीळ म्हणजे कोण?

२०२१च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने म्युकरमायकोसिस हा शब्द घराघरांत पोहोचवला. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. वास्तविक ती बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, पुढचा भाग मरतो आणि मेलेले मांस काळे पडते. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास राज्यांना सांगितले. तोवर बहुतेकांनी हे नावही ऐकले नव्हते. पण रक्ताच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ही बुरशी त्याआधी कित्येक वर्षे ठाऊक होती.

तिच्यासारख्या आणखी आहेत. ॲस्परजिलस फुप्फुसात घर करते. फ्युझेरियम रक्तातून पसरते आणि अंगावर मधोमध काळ्या पडणाऱ्या, दुखणाऱ्या गाठी उठवते. ट्रायकोस्पोरॉन, सिडोस्पोरियम ही नावे तर डॉक्टरांच्याही तोंडी क्वचित येतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये माणसाला धोकादायक ठरणाऱ्या १९ बुरशींची प्राधान्य यादी प्रथमच प्रसिद्ध केली. ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा ऑरिस त्यात सर्वांत वरच्या गटात आहेत, तर म्युकरचे कूळ आणि फ्युझेरियम त्याखालच्या गटात.

पुस्तकात या संसर्गांना दुर्मीळ म्हटले जाते. एखाद्या जिल्ह्यात तपासणीच होत नसेल, तर तिथे ते दुर्मीळच दिसणार. रुग्णाच्या कागदावर "न्यूमोनिया" किंवा "सेप्टिक शॉक" लिहिले जाते आणि बुरशीचे नाव कुठेच उमटत नाही. नोंद नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून तपासणी नाही आणि तपासणी नाही म्हणून पुन्हा नोंद नाही. हे चक्र आपण कुठेतरी तोडले पाहिजे.

धानाचा मुलूख आणि हवेतले बीजाणू

बुरशी बाहेरून चाल करून येत नाही, ती आपल्यातच राहते. ॲस्परजिलसचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान. आपण सगळेच रोज असे बीजाणू श्वासाबरोबर आत घेतो आणि निरोगी शरीर ते मुकाट्याने संपवून टाकते. धान पिकवणाऱ्या भागात ते अधिक असणे स्वाभाविक आहे. ओलसर तणस, कुजणारा कोंडा, शेणखत ही बुरशीची आवडती जागा. दिवाळीनंतर हलका-भारी धान कापून पुंजणे लागतात, मग चुरणी सुरू होते. उन्हाळी धानाच्या वेळी मे महिन्यात पुन्हा तेच. त्या धुळीत आपल्याला फार तर शिंका येतात. न्यूट्रोफिल ५००च्या खाली असलेल्या माणसासाठी तीच धूळ वेगळी ठरू शकते.

म्हणून रुग्ण घरी असताना काही गोष्टी पाळाव्यात. चुरणीच्या जागी, तणसीच्या ढिगाजवळ, गोठ्यात त्याने जाऊ नये. धानाची कोठी झाडणे, जुने घर पाडणे, भिंती खरवडून रंगवणे ही कामे त्या काळात घरात काढू नयेत. उशाशी मातीची कुंडी नको. कूलरच्या ओल्या ताट्यांवर बुरशी धरते, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला ताट्या बदलाव्यात, टाकी धुवावी आणि त्या साफसफाईच्या वेळी रुग्णाला दुसऱ्या खोलीत ठेवावे. बुरा आलेली भाकरी, लोणचे किंवा शेंगदाणे "वरचे काढून" खाऊ घालू नयेत. धुळीतून जाणे अटळच असेल तर एन-९५ मास्क लावावा. यातल्या एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. पण एवढे सगळे पाळूनही संसर्ग होऊ शकतो, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावे. झाला तर तो कुणाच्या हलगर्जीपणामुळेच झाला, असे समजू नये.

शेतीचा आणखी एक धागा या आजाराशी जुळलेला आहे. धानावरचा करपा हीदेखील बुरशीच. पर्णकोष करपा किंवा तत्सम रोगांवर आपले शेतकरी हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल फवारतात. रुग्णाला दिली जाणारी व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधे त्याच ॲझोल कुळातली. शेतात या रसायनांना सरावलेली ॲस्परजिलस पुढे रुग्णाच्या औषधालाही दाद देत नाही, हे आधी नेदरलँड्समध्ये लक्षात आले. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली भारतातल्या मातीतही अशी ॲस्परजिलस असल्याचे दाखवले. ज्या जागांची माती त्यांनी तपासली, त्यांत धानाची शेतेही होती. शेतकऱ्याला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. पीक वाचवायला तो फवारणारच. पण शिफारशीपेक्षा जास्त आणि गरज नसताना केलेल्या फवारणीचा हिशेब पिकापुरता मर्यादित नाही, हे कृषी विभागाने आणि आरोग्य विभागाने एकत्र बसून पाहायला हवे.

सहा दिवस कुठे जातात?

अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये रक्ताच्या कॅन्सरसोबत म्युकरमायकोसिस झालेल्या ७० रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ॲम्फोटेरिसिन सुरू व्हायला सहा दिवस किंवा अधिक उशीर झाला, त्यांच्यापैकी सुमारे ८३ टक्के बारा आठवड्यांत दगावले. ज्यांना ते लवकर मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ४९ टक्के होते. लवकर उपचार करूनही निम्मे जातात इतका हा आजार वाईट आहे, पण उशिराने मृत्यू जवळजवळ दुप्पट होतात.

आता हे सहा दिवस आपल्या जिल्ह्यात मोजून पाहा. पहिल्या दिवशी ताप आला की घरातली गोळी दिली जाते. ताप उतरतो, सगळ्यांना हायसे वाटते. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरकडे "तापाचे इंजेक्शन" होते. त्यात स्टिरॉइड असेल तर ताप पुन्हा उतरतो आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. शिवाय केमोनंतर प्लेटलेटही कमी असतात, त्यामुळे दंडात किंवा कमरेत घेतलेल्या सुईच्या जागी रक्त साकळण्याचा धोका असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तालुक्याला सलाईन. पाचव्या दिवशी छातीचा एक्स-रे, त्यावर डाग आणि क्षयाची शंका. सहाव्या दिवशी गाडी करून नागपूर.

क्षयाची शंका चुकीची नाही. आपल्या देशात क्षय भरपूर आहे आणि तो कॅन्सरच्या रुग्णालाही होतो. पण केमो सुरू असलेल्या रुग्णात थुंकी न तपासता, दुसरी कुठली शक्यता न पाहता क्षयाची औषधे सुरू झाली, तर दुहेरी नुकसान होते. त्यातले रिफॅम्पिसिन यकृताला अशा रीतीने चालना देते की व्होरिकोनॅझोलची रक्तातली पातळी कोसळते. पुढे बुरशीचे निदान झाले, तरी हे महागडे औषध निकामी ठरते.

एक थेंब आणि एक सूक्ष्मदर्शक

बुरशी शोधायला प्रत्येक वेळी मोठे यंत्र लागत नाही. नाकातला खरवडलेला अंश, फोडातला स्राव किंवा फुप्फुसातून घेतलेला नमुना काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. अर्ध्या तासाच्या आत बुरशीचे धागे दिसू शकतात. म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे आणि जवळजवळ पडदेविरहित असतात. ॲस्परजिलसचे धागे बारीक, आडव्या पडद्यांचे आणि लघुकोनात फाटे फुटलेले असतात. हा फरक केवळ परीक्षेतल्या प्रश्नापुरता नाही. व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. सहज मिळणारे फ्लुकोनॅझोल या दोघांवरही चालत नाही. "बुरशीची गोळी चालू आहे" या वाक्याला त्यामुळे काही अर्थ उरत नाही. कोणत्या बुरशीवर कोणती गोळी, हे महत्त्वाचे.

योग्य औषधाने किती फरक पडतो, याचा पुरावा २००२ सालच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत मिळाला. ॲस्परजिलसच्या खोलवरच्या संसर्गात व्होरिकोनॅझोल मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्ण बारा आठवड्यांनी जिवंत होते. जुन्या ॲम्फोटेरिसिनच्या गटात हे प्रमाण ५८ टक्के होते.

क्षयनिर्मूलनाच्या कार्यक्रमामुळे सूक्ष्मदर्शक तालुक्या-तालुक्यात पोहोचले. थुंकी तपासणारे तंत्रज्ञ तयार झाले. त्याच सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहायला त्याच तंत्रज्ञाला थोडे प्रशिक्षण पुरेसे आहे. नमुन्याचा एक भाग कल्चरसाठी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायला हवा. शस्त्रक्रियेत काढलेला सगळा तुकडा सवयीने फॉर्मलिनमध्ये बुडवला जातो. तसे झाले की त्यात बुरशी वाढवून तिची ओळख पटवता येत नाही. एक भाग सलाईनमध्ये, एक फॉर्मलिनमध्ये, ही साधी शिस्त आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

औषध आपल्याच मातीत

बुरशीविरुद्धच्या लढाईत महाराष्ट्र नवखा नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. थिरुमलाचार यांच्या गटाने १९६१ साली तिथल्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हामायसिन हे बुरशीनाशक शोधले. त्या सूक्ष्मजीवाचे नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवले गेले. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील मातीतून मिळालेले ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला इजा करते. ते मेदाच्या सूक्ष्म कणांत बांधून सौम्य करण्याचे भारतातले महत्त्वाचे काम मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांसोबत केले. २०२१ मध्ये हेच औषध मिळेनासे झाले, तेव्हा आपल्या शेजारच्या वर्ध्यातल्या जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीने मे महिन्याच्या अखेरीस त्याचे उत्पादन सुरू केले. त्या वेळी सुमारे ७,००० रुपयांना मिळणारी कुपी १,२०० रुपयांत देण्याचे जाहीर झाले होते.

मनावर घेतले तर काय होते, हे त्या महिन्याने दाखवले. म्युकरमायकोसिसचा समावेश महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झाला, औषध जिल्हावार वाटले गेले, कान-नाक-घसातज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि दंतवैद्य एकत्र बसले. हजारो रुग्ण एकाच वेळी आले म्हणून ते घडले. कॅन्सरचा रुग्ण एकेकटा येतो, त्यामुळे त्याच्यासाठी बैठक होत नाही. पण जी व्यवस्था महिनाभरात उभी राहू शकते, ती कायम ठेवणे अशक्य नाही.

काय करायला हवे

शासनाकडे मागण्या मोजक्या आहेत. पहिली, केमो देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने घरी सोडताना रुग्णाला मराठीत एक कार्ड द्यावे. त्यावर कॅन्सरचा प्रकार, दिलेली औषधे, केमोची तारीख, पेशी कमी राहण्याचे अपेक्षित दिवस आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर असावा. दुसरी, प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात बुरशीची सूक्ष्मदर्शक तपासणी रोज व्हावी आणि नमुने वैद्यकीय महाविद्यालयात नेण्याची ठरावीक सोय असावी. तिसरी, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन आणि व्होरिकोनॅझोल यांचा थोडा तरी साठा विभागीय पातळीवर कायम असावा. चौथी, कॅन्सरच्या उपचारासाठी मिळणारे योजनेचे संरक्षण त्या उपचारातून उद्भवलेल्या संसर्गालाही विनाखळखळ लागू व्हावे. केमो मोफत आणि त्यातून झालेल्या बुरशीसाठी शेत गहाण, असे कुणावर येऊ नये. पाचवी, अशा प्रत्येक संसर्गाची नोंद व्हावी.

यावर आमच्याच व्यवसायातून आक्षेप येतो की, केमोनंतरचा बहुतेक ताप जिवाणूंमुळे असतो, मग बुरशीचा एवढा बाऊ कशाला? आक्षेपातली पहिली बाजू खरी आहे. म्हणूनच पहिले औषध शिरेतून द्यायचे अँटिबायोटिकच आणि तेही रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात. आधी रक्ताचे कल्चर घ्यावे, पण त्यासाठी औषध अडवून ठेवू नये. पण योग्य अँटिबायोटिक देऊनही चार ते सात दिवसांत ताप हटत नसेल आणि पेशी अजून वर येत नसतील, तर बुरशी शोधलीच पाहिजे. नाक, टाळू, त्वचा नीट पाहणे, छातीचा सीटी स्कॅन, रक्तातली गॅलॅक्टोमॅनन चाचणी हा त्याचा क्रम आहे. चेहऱ्याची किंवा नाकाची लक्षणे असतील, तर इतके दिवसही थांबायचे नाही.

घरच्यांसाठी सांगायचे ते असे. घरात एक चांगला थर्मामीटर ठेवा आणि ताप आधी मोजा, गोळी नंतर. तापमान एकदा जरी १०१ अंश फॅरनहाइट झाले, किंवा १००.४ अंशांवर तासभर राहिले, तर ती आणीबाणी समजा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. केमो घेतलेल्या रुग्णालयाला फोन करा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात निघा. तिथे पोहोचताच पहिले वाक्य हेच बोला, "केमो झाली आहे, आज अमुकवा दिवस आहे." चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा सुजणे, नाकातून काळसर किंवा रक्तमिश्रित स्राव, गाल बधिर होणे, एकाचे दोन दिसणे, खोकल्यातून रक्त, श्वास घेताना छातीत कळ, अंगावर मधोमध काळी पडणारी गाठ, यातले काहीही दिसले तर ताप नसला तरी थांबू नका. स्टिरॉइड चालू असलेल्या रुग्णाला गंभीर संसर्गातही ताप येत नाही, असे घडते.

आणि गावात सेवा देणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांना विनंती. केमोचा रुग्ण तापाने आला तर इंजेक्शन न देता त्याला गाडीत बसवा आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून कळवा. तुमच्या एका फोनने त्या सहा दिवसांतले चार दिवस वाचतात. अशा रुग्णाला त्या चार दिवसांहून मोठे औषध गावात कुणाकडेच नसते.